विद्यार्थी ‘समाधानी’ आहेत, पण अध्ययनमंच उघडत नाहीत: माझ्या प्रश्नावलीत काय चुकले?

प्रश्न
संशोधक विद्यार्थिनी, शिक्षणशास्त्र, नांदेड

नमस्कार. पदवीचे विद्यार्थी आपल्या महाविद्यालयाच्या ऑनलाइन अध्ययनमंचाविषयी कितपत समाधानी आहेत, हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील अभ्यासक्रमांतून २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) मिळवण्याची मुभा दिली होती आणि २०२१ च्या विनियमांनी ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. एका सत्रातील इतका मोठा भाग पडद्यावरून शिकता येणार असेल, तर तो शिकणाऱ्याला काय वाटते हे विचारले गेलेच पाहिजे, या विचाराने मी हा विषय घेतला.

मी तीन महाविद्यालये निवडली. तिन्ही ठिकाणी स्वतःचा अध्ययनमंच आहे. त्यावर शिक्षक टिपणे व चित्रफिती ठेवतात, विद्यार्थी स्वाध्याय जमा करतात आणि घटक चाचण्याही तेथेच होतात. नोंदणी असलेले विद्यार्थी सुमारे १००० असल्याने किती लोकसंख्येसाठी किती नमुना पुरेसा हे सांगणाऱ्या क्रेजी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यानुसार २७८ जणांचा नमुना घेतला. प्रश्नावली पाच बिंदूंच्या लिकर्ट श्रेणीवर (‘पूर्णपणे असहमत’पासून ‘पूर्णपणे सहमत’पर्यंत पर्याय) असून तिच्यात ३२ विधाने आहेत. प्रत्येक महाविद्यालयात संगणक कक्षात विद्यार्थ्यांना बोलावून, संबंधित शिक्षकांच्या मदतीने ती भरून घेतली.

निकाल पाहून प्रथम आनंद झाला. जवळजवळ प्रत्येक विधानासमोर ‘सहमत’ किंवा ‘पूर्णपणे सहमत’ अशी खूण होती, क्रोनबाख अल्फाही (उत्तरांतील परस्पर सुसंगतीचे माप) उत्तम आला आणि माझे मार्गदर्शक पुढच्या प्रकरणाकडे वळण्यास सांगू लागले. पण त्याच सुमारास एका महाविद्यालयाने मला मंचावरील नोंदींचा तक्ता दिला. कोणी, केव्हा, काय उघडले हे त्यात दिसते. ज्या चित्रफितींना विद्यार्थ्यांनी ‘अत्यंत उपयुक्त’ म्हटले होते, त्यांतल्या कित्येक चित्रफिती बहुसंख्य विद्यार्थ्यांनी एकदाही उघडलेल्या नाहीत. मंच गजबजतो तो केवळ स्वाध्याय जमा करण्याच्या आदल्या रात्री.

विद्यार्थी खोटे बोलले असे मला वाटत नाही. त्यांनी मनापासून खुणा केल्या असतील, तर त्यांनी नेमके कशाविषयी समाधान नोंदवले, हा प्रश्न मला काही दिवसांपासून सोडत नाही. प्रश्नावली नव्याने करावी काय, की नोंदींचा तक्ता बाजूला ठेवून आहे त्या आकड्यांवर प्रबंध पूर्ण करावा? ज्यांनी या क्षेत्रात काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.


उत्तर १
निवृत्त प्राध्यापक, शैक्षणिक संख्याशास्त्र, पुणे

आपण तो तक्ता बाजूला ठेवला नाहीत, यातच आपल्या संशोधनाचे अर्धे यश आहे. तो बाजूला ठेवूही नका.

आधी क्रोनबाख अल्फाविषयी. अल्फा उंच असणे म्हणजे विधानांची उत्तरे परस्परांशी जुळतात, एवढेच. ती उत्तरे खरी आहेत किंवा आपल्याला जे मोजायचे होते तेच मोजले गेले आहे, असे अल्फा सांगत नाही. ३२ विधाने एकाच सुरात, सगळीच्या सगळी अनुकूल भाषेत लिहिलेली असतील आणि कंटाळलेला विद्यार्थी वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात खुणा करीत गेला असेल, तरी अल्फा उत्तमच येईल. विधानांची संख्या वाढवली तरी तो वाढतो. प्रथम मूळ पत्रके काढा आणि सर्व विधानांना एकच उत्तर देणारे किती जण आहेत ते मोजा. पीएच.डी.च्या अनेक प्रबंधांचे परीक्षण करताना मी हे साधे काम झालेले क्वचितच पाहिले.

दुसरी गोष्ट पत्रके कोठे भरली गेली याची. ज्या शिक्षकाने मंचावर साहित्य ठेवले आणि ज्याच्या हाती अंतर्गत गुण आहेत, तोच शिक्षक कक्षात मदतीला उभा असताना विद्यार्थ्याने ‘असहमत’वर खूण करावी ही अपेक्षा वाजवी नाही. शिवाय आपल्याकडील विद्यार्थ्याला ‘समाधान सर्वेक्षण’ हा शब्द महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या निमित्ताने परिचित झालेला असतो. राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषदेच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात २० पर्यायी प्रश्न आणि एक मुक्त प्रश्न असतो, आणि या उत्तरांचा संबंध आपल्या महाविद्यालयाच्या श्रेणीशी आहे हे मुलांना ठाऊक असते. आपले पत्रक हाती आल्यावर त्यांनी तीच निष्ठा दाखवली असण्याची शक्यता मला मोठी वाटते. आपण म्हणता तसे ते खोटे बोललेले नाहीत. त्यांनी त्यांना समजलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. तो प्रश्न ‘आपले महाविद्यालय चांगले आहे ना?’ असा होता.

आता मुख्य मुद्दा. ‘अध्ययनमंच’ या एका शब्दात आपण निदान तीन वेगळ्या वस्तू एकत्र केल्या आहेत. माहिती प्रणालींच्या अभ्यासात डेलोन आणि मॅक्लीन यांचे १९९२ चे प्रतिमान प्रसिद्ध आहे. २००३ मध्ये त्यांनी ते सुधारले, तेव्हा प्रणालीची गुणवत्ता आणि माहितीची गुणवत्ता यांच्या जोडीला सेवेची गुणवत्ता हा स्वतंत्र घटक आणला. आपल्या संदर्भात बोलायचे तर मंच पटकन उघडतो का, हा एक प्रश्न. त्यावर ठेवलेली टिपणे वाचण्याजोगी आहेत का, हा दुसरा. आणि अडचण आली तर कोणी दाद देते का, हा तिसरा. या तिन्हींची सरासरी काढली की उत्तम मंचावरील निकृष्ट टिपणे आणि सामान्य मंचावरील सुंदर टिपणे यांचा आकडा सारखाच येतो, आणि त्या आकड्यावरून कोणत्याही प्राचार्याला काय सुधारावे हे कळत नाही.

मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये दूरशिक्षणातील आंतरक्रियेचे तीन प्रकार सांगितले: विद्यार्थी आणि आशय, विद्यार्थी आणि शिक्षक, विद्यार्थी आणि विद्यार्थी. आपल्या ३२ विधानांची या तीन प्रकारांत विभागणी करून पाहा. माझा अंदाज आहे की तिसऱ्या प्रकाराचे एखादे विधानही सापडणार नाही, कारण आपले बहुतेक मंच विद्यार्थ्यांनी परस्परांशी बोलावे म्हणून वापरलेच जात नाहीत. ते बोलणे व्हॉट्सॲपच्या गटावर होते.

समाधान आणि अध्ययन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही प्रबंधात स्पष्ट लिहा. २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील प्राथमिक भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या विद्यार्थ्यांना स्वतः उदाहरणे सोडवत शिकावे लागले ते चाचणीत पुढे होते, परंतु आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. ओघवते व्याख्यान ऐकणाऱ्यांचा अनुभव याच्या उलट होता. डोक्याला ताण देणारा मंच विद्यार्थ्याला कमी आवडेल आणि तरीही अधिक शिकवेल, ही शक्यता आपल्या प्रश्नावलीत सामावली पाहिजे.

प्रश्नावली नव्याने करा. परंतु जुनी फेकू नका. दोन्हींतील अंतर हाच कदाचित आपल्या प्रबंधाचा सर्वांत मौल्यवान भाग ठरेल.


उत्तर २
विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, तृतीय वर्ष

मॅडम, मी संशोधक नाही, पण अशी पत्रके तीन वर्षांत अनेकदा भरली आहेत, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

माझे गाव तालुक्यापासून बरेच आत आहे. गेल्या सत्रात मी बारा आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम श्रेयांकासाठी घेतला होता आणि महाविद्यालयाचा मंच तर रोजचाच आहे. सत्राच्या शेवटी आलेल्या पत्रकात ‘मंच वापरण्यास सोपा आहे’ असे विधान होते. मी ‘सहमत’ लिहिले. तो सोपा आहेच. कळ दाबली की उघडतो. पण घरी भावाचा आणि माझा मिळून एकच मोबाइल आहे, आणि तो रात्री दहानंतर माझ्या हाती येतो, हे लिहायला त्या पत्रकात जागा नव्हती. चित्रफीत पाहिली की दिवसाचा डेटा संपतो, म्हणून आमच्या वर्गातील एक मुलगी महाविद्यालयातील वायफायवर चित्रफिती उतरवून घेते आणि आम्ही सहा-सात जणी त्या तिच्याकडून घेतो. आपल्या तक्त्यात ती चित्रफीत एकदाच उघडलेली दिसेल आणि आम्ही उरलेल्या सगळ्या जणी आळशी दिसू. कृपया त्या नोंदींवरही पूर्ण विश्वास ठेवू नका.

भाषेविषयीही सांगायचे आहे. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. इंग्रजी व्याख्यान मला समजत नाही असे नाही; थांबवून, मागे नेऊन, पुन्हा ऐकून समजते, आणि वर्गात असे थांबवता येत नाही म्हणून मला चित्रफीत आवडते. पण त्यामुळे अर्ध्या तासाच्या व्याख्यानाला मला सव्वा तास लागतो. माझ्या अभ्यासक्रमाच्या व्याख्यानांचे मराठी भाषांतर उपलब्ध आहे हे मला नवव्या आठवड्यात एका ज्येष्ठ विद्यार्थिनीकडून कळले. ते पहिल्या आठवड्यात कोणी सांगितले असते तर माझे पहिले दोन स्वाध्याय बुडाले नसते. ‘साहित्य उपलब्ध आहे’ याला मी काय उत्तर द्यावे? होते, पण मला माहीत नव्हते.

तरीही कोणी विचारले की तू समाधानी आहेस का, तर मी ‘हो’ म्हणेन, आणि ते खरे असेल. आमच्या महाविद्यालयात त्या विषयाचे शिक्षकपद रिक्त आहे. हा अभ्यासक्रम नसता तर तो विषय मला शिकायलाच मिळाला नसता. परीक्षेसाठी पहाटेच्या एसटीने जिल्ह्याला जावे लागले, बाबांचा एक दिवसाचा रोज बुडाला, तरी प्रमाणपत्र आले तेव्हा घरात आनंद झाला. माझे समाधान मंचाविषयी आहे की शिकायला मिळाल्याविषयी आहे, हे मला स्वतःलाही वेगळे सांगता येत नाही. आपण ते वेगळे करणारा प्रश्न तयार करू शकलात, तर मला तो वाचायला नक्की आवडेल.


उत्तर ३
अभ्यासकेंद्र संयोजक, मुक्त शिक्षण, नाशिक जिल्हा

वरील विद्यार्थिनीचे उत्तर मी दोनदा वाचले. मुक्त शिक्षणात आम्ही हेच पाहत आलो आहोत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले, तेव्हा अध्ययनमंच हा शब्दही नव्हता. छापील पुस्तके, अभ्यासकेंद्र आणि संपर्कसत्रे एवढ्यावर काम चाले. माध्यमे बदलली, पण विद्यार्थी कशावर टिकतो हे फारसे बदलले असे मला वाटत नाही.

ताई, आपल्या नमुन्याविषयी एक गंभीर शंका आहे. तक्त्यातला २७८ हा आकडा बरोबर आहे, परंतु तो तक्ता यादृच्छिक निवड, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची समान संधी, गृहीत धरतो. आपण संगणक कक्षात त्या दिवशी हजर असलेल्यांची पत्रके घेतलीत. जो विद्यार्थी मंचाला कंटाळून, हरून किंवा मोबाइल नसल्यामुळे महिन्याभरापूर्वी बाहेर पडला, तो त्या कक्षात नव्हताच. असमाधानाची सर्वांत महत्त्वाची माहिती त्याच्यापाशी आहे. खाणावळीत जेवणाऱ्यांनाच जेवण कसे आहे विचारले, तर डबा लावणे बंद केलेल्यांचे मत कधीच कळत नाही. नोंदींच्या तक्त्यातून सहा आठवड्यांहून अधिक काळ मंचावर न आलेल्यांची यादी काढा आणि त्यातल्या वीसएक जणांशी, महाविद्यालयाच्या परवानगीने, प्रत्यक्ष बोला. माझ्या मते अशा वीस मुलाखती दोनशे पत्रकांपेक्षा अधिक सांगतील.

त्या मुलाखतींत काय विचारावे, याबाबत स्वतःचा अनुभव सांगतो. माझ्याकडे रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनमध्ये विषयाविषयीचे फोन फार थोडे असतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: ‘सर, माझा गृहपाठ पोचला का?’ कळ दाबल्यावर पडद्यावर हिरवी खूण आलेली असते, तरी विद्यार्थ्याचा विश्वास बसत नाही, कारण पलीकडे कोणी आहे की नाही हे त्याला कळत नाही. काही वर्षांपूर्वी मी प्रत्येक गृहपाठाला दोन दिवसांच्या आत स्वतः एका ओळीचा निरोप पाठवू लागलो: मिळाला, अमुक भाग चांगला झाला आहे, अमुक पुन्हा पाहा. मंच तोच, पुस्तके तीच, पण मधूनच सोडून जाणारे विद्यार्थी माझ्या केंद्रात डोळ्यांना दिसण्याइतके कमी झाले. हा काही शास्त्रशुद्ध प्रयोग नव्हे, तरी शिक्षकाच्या उत्तराला लागणारा वेळ हे चल (मोजायचा घटक) आपल्या अभ्यासात असलेच पाहिजे असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. मूडल या महाविद्यालयांत वापरल्या जाणाऱ्या अध्ययनप्रणालीसारख्या मंचावर प्रश्न कधी विचारला गेला आणि उत्तर कधी दिले गेले याच्या वेळा नोंदलेल्याच असतात, त्यामुळे त्यासाठी वेगळे पत्रक भरून घेण्याचीही आवश्यकता नाही.


उत्तर ४
ई-अध्ययन विभागातील कर्मचारी, ब्रिटन (मूळ कोल्हापूर)

येथील उदाहरण उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात लिहितो. ब्रिटनमध्ये पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांचे राष्ट्रीय विद्यार्थी सर्वेक्षण २००५ पासून दरवर्षी होते. त्यातील ‘एकंदर पाहता मी समाधानी आहे’ हे विधान अनेक वर्षे विद्यापीठांच्या क्रमवारीत आणि जाहिरातींत मिरवले जात होते. २०२३ मध्ये इंग्लंडपुरते ते विधान काढून टाकण्यात आले. त्याच वेळी ‘सहमत–असहमत’ ही जुनी श्रेणी जाऊन थेट प्रश्न आले आणि प्रत्येक प्रश्नाला त्याच्याच आशयाचे चार पर्याय देण्यात आले. उदाहरणार्थ, शिक्षक विषय स्पष्ट करून सांगण्यात किती चांगले आहेत, असे विचारले जाते. ‘शिक्षक विषय चांगला स्पष्ट करतात’ या विधानाला मान डोलावण्यास सांगितले जात नाही. मधला तटस्थ पर्यायही त्यातून गेला. आपण प्रश्नावली नव्याने करणारच असाल, तर हा बदल आपल्या मार्गदर्शकांना दाखवता येईल.

केवळ पडद्याची सुलभता वेगळी मोजायची असेल, तर जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची श्रेणी आजही जगभर वापरली जाते. तिच्यात अनुकूल आणि प्रतिकूल विधाने आळीपाळीने येतात, त्यामुळे न वाचता एका रकान्यात खुणा करणारा लगेच उघडा पडतो.


प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर
संशोधक विद्यार्थिनी, शिक्षणशास्त्र, नांदेड

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. सरांनी सांगितल्याप्रमाणे काल मूळ पत्रके काढून बसले. सर्व ३२ विधानांना एकच उत्तर देणारे इतके निघाले की मला रात्री झोप लागली नाही. विद्यार्थी आणि विद्यार्थी या तिसऱ्या प्रकारच्या आंतरक्रियेचे एकही विधान माझ्या प्रश्नावलीत नाही, हाही अंदाज खरा ठरला. माझीच विधाने नव्याने वाचताना ‘मंचावरील साहित्य दर्जेदार व सहज उपलब्ध आहे’ असे एक वाक्य सापडले. त्यात दोन प्रश्न आहेत हे मला वर्षभर दिसले नव्हते.

विद्यार्थिनीला मला विशेष सांगायचे आहे. तुझ्या उत्तरामुळे माझ्या प्रबंधाचे एक प्रकरण बदलते आहे. एका चित्रफितीवर सात जणी शिकतात, ही माहिती मला ना पत्रकातून मिळाली असती ना नोंदींच्या तक्त्यातून. आता मी मतांऐवजी घटना विचारण्याचे ठरवले आहे: गेल्या पंधरा दिवसांत मंच कोणत्या उपकरणावर उघडलास, ते उपकरण कोणाचे होते, शेवटची शंका कोणाला विचारलीस, तिचे उत्तर किती दिवसांनी आले, चित्रफीत स्वतः उघडलीस की दुसऱ्याकडून घेतलीस. तुझ्या शेवटच्या वाक्यासाठीही एक प्रश्न लिहून पाहिला आहे: ‘हाच विषय तुमच्या महाविद्यालयात वर्गातही शिकवला जात असता, तर तुम्ही हा ऑनलाइन अभ्यासक्रम निवडला असता काय? का?’ तो तुला योग्य वाटतो का, ते कळव.

संयोजक सरांच्या सूचनेनुसार मंच सोडून गेलेल्यांशी बोलायचे आहे. पण एक अडचण आहे. नोंदींच्या तक्त्यात विद्यार्थ्यांची नावे आहेत आणि त्यांना हे माहीतच नाही की त्यांचे प्रत्येक उघडणे-मिटणे नोंदले जाते. त्या नोंदींच्या आधारे त्यांना फोन करणे मला योग्य वाटत नाही. येथे काय करावे?


उत्तर ५
निवृत्त प्राध्यापक, शैक्षणिक संख्याशास्त्र, पुणे

आपली शंका रास्त आहे. महाविद्यालयाने तक्ता दिला म्हणजे विद्यार्थ्यांनी संमती दिली, असे होत नाही. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केल्यापासून हा प्रश्न केवळ संशोधकाच्या सद्सद्विवेकाचा उरलेला नाही. आपल्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीपुढे तो लेखी मांडा. तोपर्यंत हाती असलेला नावांसह तक्ता महाविद्यालयाला परत करा आणि नावांच्या जागी सांकेतिक क्रमांक घातलेली प्रत मागा. कोणता क्रमांक कोणाचा, हे महाविद्यालयापाशीच राहू द्या. मुलाखतीसाठी आपण स्वतः फोन करू नका. महाविद्यालयाने त्या विद्यार्थ्यांना आपले निवेदन पाठवावे आणि ज्यांना बोलायचे असेल त्यांनी आपल्याशी संपर्क साधावा. निवेदनात पहिल्याच परिच्छेदात सोप्या मराठीत लिहा की मंचावर कोणत्या गोष्टी नोंदल्या जातात, आपण त्यांतल्या कोणत्या पाहिल्या आहेत आणि या बोलण्याचा अंतर्गत गुणांशी काहीही संबंध नाही.

यामुळे वीसऐवजी आठच जण येतील. त्या आठ जणांना त्यांच्या गावी जाऊन भेटा, महाविद्यालयात बोलावू नका. नवीन प्रश्नावलीचा कच्चा आराखडा झाला की येथे ठेवा. मी प्रत्येक विधान तपासून देईन, आणि वरील विद्यार्थिनीलाही ती वाचायला सांगा.


उत्तर ६
विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, तृतीय वर्ष

मॅडम, तो प्रश्न योग्य आहे, फक्त शेवटचा ‘का?’ वेगळ्या ओळीवर घ्या आणि त्याखाली चार-पाच ओळींची रिकामी जागा सोडा. मोबाइलवर तो एवढासा ‘का?’ कोणाला दिसणार नाही. मी माझ्या उत्तरात लिहीन की वर्ग असता तर मी वर्गातच बसले असते, पण चित्रफीतही ठेवा असे सांगितले असते, कारण मागे नेऊन पुन्हा ऐकता येते. आराखडा आला की आम्ही सहा-सात जणी मिळून वाचू.